धंद्याचा मेल, धंद्याचा नंबर: नव्याने गाळा घेतलेल्यांसाठी

ठाण्यात वागळे इस्टेटला किंवा इकडे नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात पावणे, रबाळे, महापे भागात गाळा घेऊन काम सुरू केलं की सगळं लक्ष मशीन, वीज आणि माणसं यांच्याकडे असतं. ईमेल कुणीतरी ‘करून देतं’. भाचा जीमेल उघडून देतो, जीएसटी नंबर काढताना सीएच्या ऑफिसातला मुलगा स्वतःचाच मेल आयडी टाकतो, वेबसाइटवाला डोमेन, म्हणजे वेबसाइटचं आणि मेलचं नाव, स्वतःच्या खात्यातून घेतो. काम झालेलं असतं, म्हणून कुणी विचारत नाही. पुढे तो मुलगा नोकरी सोडतो, वेबसाइटवाला फोन उचलत नाही, आणि तेव्हा कळतं की आपल्याच धंद्याच्या किल्ल्या दुसऱ्यांच्या खिशात आहेत.

आमचं पुठ्ठ्याच्या खोक्यांचं युनिट आहे. मेल, बिलं, पोर्टल हे सगळं मी बघते, आणि शेजारच्या गाळ्यांतल्या बऱ्याच जणांना हे बसवून दिलंय. त्यातून एक क्रम ठरत गेला. आधी मालकी, मग मांडणी, मग दिखावा. बहुतेक जण उलटं करतात: लोगो आणि वेबसाइट आधी, पासवर्ड कुणाकडे आहे हे सगळ्यात शेवटी.

सुरुवातीला जवळ काय असावं

- मालकाचं किंवा फर्मचं पॅन, आणि आधारला जोडलेला मोबाइल, चालू असलेला
- जीएसटीचं सर्टिफिकेट, म्हणजे फॉर्म आरईजी-०६
- उद्यम सर्टिफिकेट, म्हणजे छोट्या उद्योगाच्या सरकारी नोंदणीचा कागद. नसेल तर आधी ते काढा. सरकारी पोर्टलवर ते पूर्ण मोफत आहे. फी मागणारी साइट दिसली की समजा ती खासगी माणसाची आहे
- कॅन्सल्ड चेक
- गाळ्याचा पत्ता, एकदाच नीट लिहून ठेवलेला
- एक पक्क्या बांधणीची वही

पत्त्याबद्दल थोडं जास्त सांगते, कारण इथे आपल्या भागातली माणसं हमखास अडकतात. नवी मुंबई हा जिल्हा नाही. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी, तुर्भे, नेरुळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात येतं. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल रायगड जिल्ह्यात. फॉर्मवर जिल्हा निवडताना खारघरवाले सवयीने ‘ठाणे’ टाकतात आणि मग जीएसटीवर एक, उद्यमवर दुसरं आणि बँकेत तिसरंच असं होऊन बसतं. प्लॉट नंबर, टीटीसी इंडस्ट्रियल एरिया, गाव, जिल्हा, पिन हे सगळीकडे अक्षरशः सारखं ठेवा.

१. नंबर आधी, मेल नंतर

धंद्यासाठी वेगळं सिम घ्या, मालकाच्या किंवा फर्मच्या नावावर. नोकरीवरच्या मुलाच्या नावावर नको, घरी पडून असलेलं जुनं सिमही नको. मेल, बँक, जीएसटी, व्हॉट्सॲप या सगळ्यांचा ओटीपी शेवटी याच नंबरवर येणार आहे.

हे सिम ड्रॉवरमध्ये ठेवून विसरू नका. प्रीपेड नंबरवर ९० दिवस काहीच वापर झाला नाही, तर कंपनी तो बंद करू शकते आणि पुढे तोच नंबर दुसऱ्या कुणाला तरी मिळतो. ऑफिसच्या फोनमध्ये सिम चालू ठेवा आणि रिचार्जची तारीख वहीत लिहा.

२. एक मूळ खातं

धंद्याच्या नावाने एक जीमेल खातं उघडा. हे रोजच्या पत्रव्यवहारासाठी नाही. डोमेन, मेलची सेवा, गूगलवरचं दुकानाचं पान, सगळ्यांची नोंदणी या एका खात्यावर करायची. पासवर्ड मालकाकडे आणि घरातल्या एका विश्वासू माणसाकडे, बस्स.

टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतरची दुसरी खात्री, चालू करा. ते चालू झालं की गूगल दहा बॅकअप कोड देतं, प्रत्येक कोड एकदाच चालतो. ते छापून चेकबुकाजवळ ठेवा. फोन हरवला किंवा पाण्यात पडला तर याच कागदावर खातं परत उघडतं. कोडचा फोटो त्याच फोनमध्ये ठेवून काहीच उपयोग नाही, हे बऱ्याच जणांना सांगावं लागतं.

खातं उघडून ठेवलं आणि दोन वर्षं वापरलंच नाही, तर गूगल ते काढून टाकू शकतं. महिन्यातून एकदा लॉगिन करा.

३. डोमेन स्वतःच्या नावावर

डॉट इन किंवा डॉट कॉम, दोन्ही चालतं. नाव छोटं घ्या, फोनवर सांगता येईल असं. परचेसवाल्याला तीनदा स्पेलिंग सांगावं लागत असेल, तर तो मेल चुकीच्या पत्त्यावर जाणारच.

वेबसाइट कुणाकडूनही करून घ्या, पण डोमेन विकत घेताना खातं तुमचं, कार्ड तुमचं, आणि नोंदणीत नाव तुमचं. वेबसाइटवाला म्हणतो, ‘पॅकेजमध्ये डोमेन फ्री आहे.’ त्या फुकटात नाव त्याचं लागतं आणि तुमचे सगळे मेल त्याच्या मर्जीवर राहतात. आधीच असं झालं असेल तर आजच, संबंध चांगले आहेत तोवर, डोमेन तुमच्या खात्यात ट्रान्सफर करून मागा.

डोमेन एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी घेता येतं. पहिल्यांदा तीन वर्षांचं घेतलंत तरी पुरे, पण ऑटो-रिन्युअल लावा. डोमेन संपलं की वेबसाइटबरोबर मेलही बंद पडतो, आणि पाठवणाऱ्याला वाटतं की धंदाच बंद झाला.

४. मेलची सेवा

छोट्या युनिटसाठी दोन पर्याय मला पटतात: गूगल वर्कस्पेस आणि चेन्नईच्या झोहोचं झोहो मेल. ऑफिसात सगळे जीमेललाच सरावलेले असतील तर वर्कस्पेस घ्या. खर्च कमी ठेवायचा असेल तर झोहो. झोहोची मोफत योजनाही आहे, पण तिच्यात आउटलुकसारख्या प्रोग्रामला मेल जोडता येत नाही.

पैसे वाचवायची एक जागा: सेल्स, अकाउंट्स, ऑर्डर्स असे तीन पत्ते हवेत म्हणून तीन खाती घेऊ नका. वर्कस्पेसमध्ये एका खात्याला ३० पर्यंत उपपत्ते फुकट जोडता येतात, त्यांना एलियस म्हणतात. माणसं दोन असतील तर खाती दोन.

मग येतो तो भाग जो बहुतेक जण सोडून देतात. डोमेनच्या सेटिंगमध्ये एमएक्स रेकॉर्डबरोबर (मेल कुठल्या सर्व्हरवर यायचा हे सांगणारी नोंद) एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क अशा आणखी तीन नोंदी घालायच्या असतात. तुमच्या नावाने आलेला मेल खरंच तुमच्याकडून आलाय का, हे समोरच्याचा सर्व्हर यांवरून तपासतो. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू याबाबतीत कडक झाले आहेत. नोंदी नसतील तर तुमचं कोटेशन समोरच्याच्या स्पॅममध्ये पडतं आणि तुम्ही म्हणत बसता की गिऱ्हाईक उत्तर देत नाही. सेवेच्या मदत पानावर नोंदी तयार मिळतात, नक्कल करून चिकटवायच्या. तासाभराचं काम आहे. जमत नसेल तर माणूस बोलवा, पण पासवर्ड त्याच्या हातात देऊ नका, शेजारी बसून करून घ्या.

बिलिंग सॉफ्टवेअरमधून थेट मेल जात नसेल, तर गूगलचा नेहमीचा पासवर्ड तिथे चालत नाही. १६ अक्षरांचा वेगळा ॲप पासवर्ड काढावा लागतो, आणि तो टू-स्टेप चालू असेल तरच निघतो.

५. सरकारी पोर्टलवर कुणाचा मेल आहे ते बघा

या पायरीला अर्धा दिवस द्या. जीएसटी पोर्टलवर लॉगिन करा आणि ऑथराइज्ड सिग्नेटरीच्या, म्हणजे सहीचा अधिकार असलेल्या माणसाच्या, माहितीत कुठला मेल, कुठला मोबाइल आहे ते वाचा. सीएचा किंवा त्यांच्याकडे शिकणाऱ्या आर्टिकलचा निघाला तर बदलून घ्या. लॉगिन तुमच्याकडे असेल तर हे सोपं आहे: रजिस्ट्रेशनमधला नॉन-कोअर फील्ड्सचा बदल निवडायचा, नवा मेल आणि नंबर टाकायचा, दोन्हीकडे आलेले ओटीपी घालायचे आणि फाइल करायचं. याला अधिकाऱ्याची मंजुरी लागत नाही.

लॉगिनही नसेल आणि जुना नंबरही बंद असेल, तर तुमच्या क्षेत्राच्या जीएसटी अधिकाऱ्याकडे कागद घेऊन जावं लागतं. तुमचा अधिकारी राज्याचा की केंद्राचा, कुठल्या वॉर्डाचा, हे पोर्टलवर ‘सर्च टॅक्सपेअर’मध्ये स्वतःचा जीएसटी नंबर टाकला की दिसतं. महाराष्ट्राचा नंबर २७ ने सुरू होतो. लॉगिन न करताही हे बघता येतं, म्हणून ऑफिस शोधत फिरण्याआधी तिथे बघा. ओळखीचा, मालकीचा आणि जीएसटीचा कागद बरोबर ठेवा. अधिकारी खात्री करून नवा मेल, नंबर घालून देतात.

एवढं का करायचं? नोटीस येते ती पोर्टलवर, आणि तिचा इशारा येतो नोंदलेल्या मेलवर. काही प्रकारांत उत्तराला सात कामाचे दिवसच मिळतात. मेल दुसऱ्याच्या इनबॉक्सात पडला तर ते दिवस तिथेच जातात. शिवाय पोर्टलवर नोटिसांचे दोन वेगळे कप्पे आहेत: ‘नोटिसेस अँड ऑर्डर्स’ आणि ‘ॲडिशनल नोटिसेस अँड ऑर्डर्स’. पहिला बघून लोक निश्चिंत होतात. दुसराही उघडा, दर सोमवारी.

मेल बदलताना सीएंना आधी सांगा. त्यांना वाईट वाटायचं कारण नाही, कारण जीएसटीकडून येणारा प्रत्येक मेल त्यांना आपोआप जाईल असा फिल्टर तुम्ही लावून देणार आहात. मूळ प्रत तुमच्याकडे, नक्कल त्यांच्याकडे. चांगले सीए याला आनंदाने हो म्हणतात.

हेच आयकर पोर्टल, उद्यम, बँक, वीजबिल आणि एमआयडीसीच्या खात्याबाबत तपासा. वहीत प्रत्येकाला एक पान द्या: युजर आयडी, नोंदलेला मेल, नंबर, शेवटचा बदल कधी. पासवर्ड वहीत नको.

६. इनबॉक्सची मांडणी

लेबलं पाच-सहाच ठेवा: ऑर्डर, बिल-पेमेंट, सरकारी, बँक, खरेदी, बाकी. मोठ्या गिऱ्हाइकाचं स्वतंत्र लेबल असलं तर चांगलं. फिल्टर लावताना ‘स्पॅममध्ये कधीच टाकू नये’ हा पर्याय जुन्या गिऱ्हाइकांसाठी आणि सरकारी पत्त्यांसाठी जरूर निवडा. स्पॅम रोज एकदा चाळा, कारण तिथला मेल ३० दिवसांनी आपोआप पुसला जातो.

सकाळी मशीन लागल्यावर एकदा, जेवणानंतर एकदा, आणि डिस्पॅच झाल्यावर एकदा मेल बघा. दिवसभर बघत बसायची गरज नाही.

७. माल गेला की त्याच दिवशी मेल

या एका सवयीने पैसा येतो, म्हणून सविस्तर लिहिते.

प्रत्येक पीओचा, म्हणजे परचेस ऑर्डरचा, मेलवर एकच धागा ठेवा. पीओ ज्या मेलवर आला त्यालाच उत्तर देत जा: ऑर्डर स्वीकारली, माल निघाला, माल पोचला, बिल जोडलं. विषयाच्या ओळीत पीओ नंबर असतोच, त्यात बिल नंबर घाला. गाडी परत आली की सही-शिक्क्याच्या चलनाचा फोटो, बिलाची पीडीएफ आणि ई-वे बिल (माल वाहतुकीचा जीएसटीचा कागद) जोडून मेल टाका. राज्यातल्या राज्यात माल असेल तर आपल्याकडे ई-वे बिल १ लाखाच्या वर लागतं, राज्याबाहेर ५० हजारांच्या वर.

मजकूर असा पुरे: ‘आपल्या पीओप्रमाणे ५,००० खोकी आज आपल्या रबाळे स्टोअरला पोचली. सही केलेलं चलन आणि बिल सोबत आहे. नग किंवा दर्जाबाबत काही तक्रार असल्यास याच मेलवर लेखी कळवावी.’ इंग्रजीत लिहायचं असेल तर साधं लिहा. भाषा सफाईदार नसली तरी चालते, आकडे आणि तारखा बरोबर हव्यात.

या मेलच्या मागे कायदा उभा आहे. एमएसएमईडी कायदा २००६ प्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेणाऱ्याने लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, आणि करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. मालाबद्दल तक्रार असेल तर तीही १५ दिवसांत लेखी करावी लागते. नाही केली तर माल पोचला त्या दिवशी स्वीकारला असं धरलं जातं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज. कर निर्धारण वर्ष २०२४-२५ पासून, वेळेत न दिलेल्या अशा पैशांची वजावट घेणाऱ्याला ते प्रत्यक्ष देईपर्यंत आयकरात मिळत नाही, म्हणून मार्चमध्ये मोठ्या कंपन्यांचे अकाउंट्सवाले स्वतःहून फोन करून उद्यम सर्टिफिकेट मागतात. ते मागायची वाट बघू नका. उद्यम नंबर बिलावर छापा आणि त्यांच्याकडे पुरवठादार म्हणून वेंडर कोड काढतानाच सर्टिफिकेट मेलने पाठवा.

एक मर्यादा लक्षात ठेवा: नुसत्या व्यापाऱ्यांना, म्हणजे माल घेऊन तसाच विकणाऱ्यांना, उद्यम नोंदणी मिळते पण उशिराच्या पैशांचं हे संरक्षण मिळत नाही. उत्पादन आणि सेवा यांना ते आहे.

आठवण करून देताना परचेस आणि अकाउंट्स दोघांनाही ठेवा. फोनवर ‘शुक्रवारी करतो’ म्हणाले, तर फोन ठेवल्यावर दोन ओळींचा मेल टाका: ‘आत्ता बोलल्याप्रमाणे अमुक बिलाचं पेमेंट शुक्रवारी होईल.’ भांडण न करता नोंद होते. पुढे छोट्या उद्योगांच्या थकलेल्या पैशांच्या तक्रारी ऐकणाऱ्या सुविधा परिषदेकडे अर्ज करायची वेळ आलीच, तर हाच धागा छापून लावता येतो.

८. व्हॉट्सॲप

धंद्याच्या नंबरवर व्हॉट्सॲप बिझनेस टाका, घरच्या नंबरवर नको. एका खात्याला आणखी चार उपकरणं जोडता येतात, त्यामुळे ऑफिसच्या कॉम्प्युटरवर तेच खातं चालतं. कॅटलॉग, ठरावीक उत्तरं, लेबलं वापरा.

पण दर, नग आणि तारीख व्हॉट्सॲपवर ठरली तरी त्याच संध्याकाळी मेलवर आणा. समोरचा खरेदी अधिकारी बदलतो, त्याचा फोन त्याच्याबरोबर जातो, आणि नवा माणूस म्हणतो, ‘माझ्याकडे काही नाही.’

गूगलवर धंद्याचं पान काढा, ते फुकट आहे. ‘व्हेरिफिकेशनची फी भरा’ असा फोन आला तर ठेवून द्या. घरून काम करत असाल, समजा नौपाड्यात डबे किंवा फराळ करत असाल, तर पत्ता लपवून फक्त सेवा देण्याचा भाग दाखवता येतो.

९. ‘आमचं बँक खातं बदललं’

पुरवठादाराच्या नावाने असा मेल आला तर पैसे थांबवा. आपल्याकडच्या युनिट्सना सगळ्यात मोठा फटका याच मेलचा बसतो. पत्ता अक्षरशः तसाच दिसतो. इंग्रजी आर आणि एन शेजारी लिहिले की एमसारखे दिसतात, एवढाच फरक असतो. जुना धागाही खाली जोडलेला असतो, कारण दोघांपैकी कुणाचा तरी मेल आधीच फुटलेला असतो.

नियम असा ठेवा: खातं बदललं तर जुन्या, आपल्याकडे असलेल्या नंबरवर फोन. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही. मग नवा कॅन्सल्ड चेक मागवा, एक रुपया टाकून नाव बघा. आणि आपल्या बिलांवरही छापून टाका: ‘आमचं बँक खातं मेलवरून कधीही बदलत नाही.’

यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही. ‘पेमेंट पाठवलंय, पिन टाका’ म्हणणारा चोर आहे.

पैसे गेलेच तर आधी १९३० वर फोन, मग बँक, मग सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार. यूटीआर नंबर, म्हणजे बँकेने त्या व्यवहाराला दिलेला क्रमांक, हाताशी ठेवा. फोन जितका लवकर, तितकी रक्कम मध्येच अडवली जाण्याची शक्यता जास्त. आधी नातेवाइकांना विचारत बसू नका.

१०. फाइली

ड्राइव्हवर आर्थिक वर्षाचा फोल्डर, त्यात महिने, त्यात विक्री, खरेदी, बँक. फाइलचं नाव तारखेने सुरू करा. जीएसटीचे हिशेब वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवायचे असतात. मोफत खात्यात १५ जीबीत मेल, ड्राइव्ह आणि फोटो तिन्ही येतात, म्हणून मालाचे व्हिडिओ तिथे टाकू नका. जागा भरली की नवे मेल यायचेच थांबतात. टॅलीचा बॅकअप दर शनिवारी पेनड्राइव्हवर, आणि ती पेनड्राइव्ह गाळ्यात ठेवू नका, घरी न्या.

११. माणूस सोडून जाताना

शेवटच्या दिवशीच, तो समोर असताना करा: मेलचा पासवर्ड बदला, सगळ्या उपकरणांवरून साइन आउट करा, व्हॉट्सॲपची जोडलेली उपकरणं काढा, आणि त्याच्या फोनवर ओटीपी जाणारी एकही जागा उरलेली नाही ना, हे वहीतल्या पानांवरून तपासा. बँकेला आणि दोन-तीन मोठ्या गिऱ्हाइकांना कळवा की यापुढे पत्रव्यवहार कुणाशी करायचा.

त्याचं खातं लगेच डिलीट करू नका. आधी त्यातले मेल आणि फाइली दुसऱ्या खात्यात हलवा, मग खातं काढून त्याचा पत्ता एलियस म्हणून स्वतःच्या खात्याला जोडा, म्हणजे जुन्या गिऱ्हाइकांचे मेल तुमच्याकडे येत राहतील. वर्कस्पेसमध्ये चुकून खातं काढलं गेलंच, तर २० दिवसांच्या आत ते ॲडमिनच्या पानावरून परत आणता येतं. त्यानंतर नाही.